झूम होत नाही, बटण लागत नाही, फॉर्म जात नाही: मोबाइल आणि अपंग वापरकर्त्यांच्या तक्रारींचा एकत्र तपास

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच वेबसाइटांचा आजार एकच असतो, पण तक्रारी दोन असतात. पहिली येते, "फोनवर साइट नीट चालत नाही." दुसरी बहुधा काही महिन्यांनी येते, एखाद्या अंध किंवा हाताला कंप असलेल्या वापरकर्त्याकडून: "मला तुमचा फॉर्म भरता येत नाही." साइटचा मालक पहिल्या तक्रारीसाठी लगेच डिझायनरला फोन करतो. दुसरी 'पुढच्या टप्प्यात पाहू' या यादीत जाते. मी मात्र दोन्ही तक्रारी शेजारी ठेवून कोड उघडते, तेव्हा बहुतेक वेळा दोष त्याच चार-पाच ओळींत सापडतो.

यात नवल काही नाही. उन्हात फोन धरलेल्या माणसाला फिकट अक्षर दिसत नाही, तसेच ते कमी दृष्टीच्या माणसाला दिसत नाही. धावत्या बसमध्ये अंगठा नेमक्या जागी पडत नाही, कंप असलेल्या हाताचे दिवसभर तेच होते. फोनला माउस नसतो आणि कीबोर्डवर चालणाऱ्या माणसाकडेही तो नसतो, म्हणून माउस वर नेल्यावरच उघडणारा मेनू दोघांनाही बंद दार आहे. फरक एकच आणि तो मोठा आहे. फोनवाला घरी जाऊन संगणकावर तेच काम उरकू शकतो. अंध माणसाला असे दुसरे घर नसते. त्याच्यासाठी ते पान बंद म्हणजे काम बंद. म्हणून दोन तक्रारींतली उशिरा येणारी तक्रार मी आधी हातात घेते. ती मिटली की पहिली बरीचशी आपोआप मिटते.

लक्षणे

- दोन बोटांनी पान मोठे करायला गेले तर होतच नाही.
- पान आडवे सरकते. प्रत्येक ओळ वाचायला ते डावी-उजवीकडे ढकलावे लागते.
- अक्षर मोठे केले की मजकूर एकमेकांवर चढतो, किंवा वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात.
- राखाडी मजकूर उन्हात दिसत नाही.
- एका लिंकवर बोट ठेवले की शेजारची उघडते.
- मेनू माउसने उघडतो, पण बोटाने किंवा कीबोर्डने उघडत नाही.
- टॅब दाबत गेले की मध्येच आपण पानावर कुठे आहोत ते कळेनासे होते.
- स्क्रीन रीडर (पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) नुसतेच "बटण, बटण, लिंक" म्हणत राहतो, किंवा मराठी मजकुरावर गप्प बसतो.
- फॉर्म पाठवताना काहीच होत नाही. चूक दाखवणारी ओळ पानावर कुठेतरी आलेली असते, पण ती दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.
- सूचनेची चौकट उघडते आणि बंद करायची फुली पडद्याच्या बाहेर असते.

यातली दोन लक्षणे सापडली तर बाकीचीही सापडतील असे धरून चाला आणि खालच्या क्रमाने जा. पहिल्या काही तपासण्यांना पैसा लागत नाही आणि कोड येण्याचीही गरज नाही. सुरुवातीलाच शेवटच्या तपासणीवर उडी मारणारे बरेच जण मी पाहिले आहेत. स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये खंडीभर गुणधर्म घालतात आणि पान अजून झूमही होत नसते.

१. ब्राउझरचा झूम ४०० टक्के करा

संगणकावर ब्राउझरची खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवा, कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबत झूम ४०० टक्क्यांवर न्या. आता पानाला ३२० पिक्सेलची रुंदी उरली, म्हणजे एका लहान फोनाएवढी. कमी दृष्टीचा माणूस संगणकावर जे पाहतो आणि लहान फोनवाला जे पाहतो ते इथे एकाच खिडकीत दिसते. वेब सुलभतेची डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या २.१ आवृत्तीने नेमका हाच आकडा धरला आहे: ३२० पिक्सेल रुंदीत मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. नकाशे, मोठे तक्ते अशा मुळातच दोन दिशांनी पसरणाऱ्या गोष्टींना सूट आहे. परिच्छेदांना नाही.

आडवी सरकपट्टी दिसली तर गुन्हेगार शोधायला फार वेळ लागत नाही. पिक्सेलमध्ये ठरवलेली रुंदी, न आकसणारे चित्र, तक्ता, किंवा मध्ये न तुटणारा लांबलचक पत्ता, यांपैकी एक असतो. चित्राला कमाल रुंदी १०० टक्के द्या, तक्त्याला त्याच्यापुरती सरकणारी चौकट द्या.

याच वेळी वर आणि खाली चिकटून राहणाऱ्या पट्ट्यांकडे बघा. १२८० बाय १०२४ ची खिडकी ४०० टक्क्यांवर ३२० बाय २५६ उरते. वर ९० पिक्सेलचा चिकट मथळा आणि खाली ८० पिक्सेलची सूचना-पट्टी असेल तर वाचायला ८६ पिक्सेल राहिले. फोन आडवा धरल्यावर जवळपास हीच गत होते. उंची कमी असेल तेव्हा मथळ्याचा चिकटपणा काढून टाका, सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) उंचीची अट घालून हे दोन ओळींत होते.

२. व्ह्यूपोर्टची एक ओळ

पानाचा सोर्स उघडा आणि व्ह्यूपोर्ट हा शब्द शोधा. पान फोनवर कसे मावावे ते सांगणाऱ्या त्या मेटा टॅगमध्ये 'यूझर-स्केलेबल नो' किंवा 'मॅक्सिमम-स्केल १' असेल तर ते शब्द पुसून टाका. रुंदी उपकरणाएवढी आणि सुरुवातीचे प्रमाण १, एवढेच ठेवा. बस.

ही ओळ लोक दुष्टपणाने घालत नाहीत. आयफोनच्या सफारीत १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षराच्या रकान्यात बोट ठेवले की पान आपोआप मोठे होते. ते कुणाला तरी खटकते आणि तो सरळ झूमच बंद करून मोकळा होतो. खरा उपाय रकान्यातले अक्षर १६ पिक्सेल किंवा मोठे करण्याचा आहे. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० पासून सफारीत ही मनाई मानणे थांबवले, त्यामुळे आयफोनवर तपासणाऱ्याला दोष दिसतच नाही. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये मनाई झुगारून झूम करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, पण ती ज्याने शोधून चालू केली त्यालाच. आयफोनवर तपासून 'आमच्याकडे तर होतंय' असे सांगणारे मला नेहमी भेटतात. अँड्रॉइड फोन हातात घेऊनच ही तपासणी करा.

३. माउस बाजूला ठेवा

फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि एस्केप. एवढ्यावर साइटवरचे मुख्य काम शेवटपर्यंत करून बघा. मी घड्याळ लावून दहा मिनिटे देते. त्यात काम झाले नाही तर तिथेच थांबून कारण लिहून ठेवते.

तीन गोष्टी पाहायच्या. आपण कुठे आहोत ते दिसते का? फोकसभोवतीची, म्हणजे टॅब आत्ता ज्या घटकावर आहे त्याच्याभोवतीची, चौकट 'कुरूप दिसते' म्हणून कुणीतरी सीएसएसमध्ये आउटलाइन काढून टाकलेली असते. ती परत आणा. माउसने दाबणाऱ्यांना ती नको असेल तर 'फोकस-व्हिजिबल' वापरा, मग ती कीबोर्डवाल्यांना दिसते आणि इतरांना सहसा दिसत नाही. दुसरे, सगळ्या दाबण्याजोग्या गोष्टींवर टॅब थांबतो का? जिथे थांबत नाही तिथे बहुधा बटणाऐवजी डिव्ह किंवा स्पॅन, म्हणजे स्वतःचे काही काम नसलेला नुसता डबा, आहे आणि त्याला क्लिकची स्क्रिप्ट चिकटवली आहे. तिसरे, फोकस अदृश्य जागी जातो का? फोनसाठी बनवलेला बाजूने सरकत येणारा मेनू बंद असतानाही नुसता पडद्याबाहेर ढकललेला असतो, आणि टॅब त्याच्या पंधरा लिंकांमधून गुपचूप फिरून येतो. बंद मेनूला 'व्हिजिबिलिटी हिडन' किंवा 'इनर्ट' लावा.

कीबोर्डची चाचणी फोनसाठी कशाला, असे विचारले जाते. हात-पाय नीट हलवता न येणारे लोक फोनला एक-दोन बटणांचे स्विच जोडून वापरतात आणि त्यांचा फोकसही असाच एकेक घर पुढे जातो. शिवाय जे टॅबला सापडत नाही ते बहुतेक वेळा स्क्रीन रीडरलाही बटण म्हणून सापडत नाही. दहा मिनिटांच्या या तपासणीत पुढच्या अर्ध्या चुका कळतात, म्हणून वेळ अगदीच कमी असेल तेव्हा मी हीच एक करते.

४. रंग

साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ ला १ हवा. २४ पिक्सेलच्या पुढच्या किंवा साधारण १९ पिक्सेलच्या पुढच्या ठळक अक्षराला ३ ला १ चालतो. चिन्हे आणि रकान्यांच्या कडा यांनाही ३ ला १. मोजायला ब्राउझरचीच साधने पुरतात; क्रोम आणि फायरफॉक्स दोघांच्या तपासनिसात रंगावर टिचकी मारली की गुणोत्तर दिसते.

पांढऱ्यावर राखाडी वापरायचा मोह असतो, म्हणून हे तीन रंगसंकेत आणि त्यांची गुणोत्तरे पाठ असू द्या. ७६७६७६ हा राखाडी ४.५४ वर उत्तीर्ण. ७७७७७७ हा ४.४८ वर थोडक्यात नापास. डिझायनरांचा लाडका ९९९९९९ हा २.८५, म्हणजे सपशेल नापास. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे यंत्राने तपासते आणि दरवर्षी सर्वाधिक सापडणारा दोष हाच असतो. सगळ्यांत सोपी दुरुस्ती असलेला दोष सगळ्यांत जास्त सापडावा, याचे मला अजून वाईट वाटते.

अर्थ फक्त रंगावर सोडू नका. चुकलेला रकाना नुसता लाल कडेचा असेल तर लाल-हिरवा न ओळखणाऱ्याला आणि स्क्रीन रीडरला त्यातून काहीच कळत नाही. शब्दात लिहा.

५. बोटाला जागा

२०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ ने दाबायच्या जागेचे किमान माप २४ बाय २४ पिक्सेल ठरवले आहे. वाक्यातल्या लिंकांना सूट आहे. त्याच तत्त्वांच्या अधिक कडक पातळीचे माप ४४ बाय ४४ आहे. ॲपल आपल्या ॲपसाठी ४४ पॉइंट सांगते, गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये ४८ आहे. मी २४ ला किमान मानून समाधानी राहत नाही, मुख्य बटणे ४४ च्या खाली जाऊ देत नाही. चिन्ह लहान ठेवायचे तर ठेवा, त्याभोवती पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, वाढवा. दिसणारे चित्र आणि दाबायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बटणाचे काम बोट टेकताक्षणी सुरू होता कामा नये, बोट उचलल्यावर व्हायला हवे. चुकीच्या जागी टेकलेले बोट बाजूला सरकवून सुटायची संधी त्यामुळे मिळते. साधा क्लिक वापरला तर हे आपोआप होते. 'टचस्टार्ट'वर काम बांधले असेल तर बदला. आणि जिथे ओढून किंवा सरकवूनच काम होते, उदाहरणार्थ यादीचा क्रम बदलणे, तिथे वर-खालीची साधी बटणेही द्या.

६. मजकूर खरोखर मजकूर आहे का

मराठी साइटांसाठी ही तपासणी मी वेगळी करते, कारण इथले दोष इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत.

पानावरचे एक वाक्य निवडून, कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. निवडताच आले नाही तर ते चित्र आहे. पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर ते जुन्या, युनिकोडपूर्व (सगळ्या लिप्यांची सर्वमान्य संकेतपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमधले लिखाण आहे. डोळ्यांना देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरे आहेत. स्क्रीन रीडर तो गोंधळ तसाच वाचतो. तो फॉन्ट फोनवर पोहोचला नाही तर डोळ्यांनाही तो गोंधळच दिसतो. एकाच दोषाने दोन्ही वाचक गेल्याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणण्याखेरीज याला उपाय नाही. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागतात.

मग एचटीएमएल टॅगवरची भाषा बघा. बहुतेक तयार टेम्प्लेटांत ती इंग्रजीच राहिलेली असते. मराठी पानाला मराठीचा संकेत 'एमआर' द्या आणि मध्ये इंग्रजी उतारा असेल तर त्याला इंग्रजीचा. भाषा चुकीची असेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो आणि एकतर ती वगळतो किंवा भलतेच काही उच्चारतो. एका शब्दाची दुरुस्ती आहे, आणि तिच्यावाचून अख्खे पान मुके राहते.

शेवटी ओळींची उंची. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात. बटणाला किंवा मथळ्याला पिक्सेलमध्ये उंची ठरवून दिली की अक्षर मोठे केल्यावर ते कापले जातात. उंची मोकळी सोडा, ओळींमधले अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, आणि अक्षरांचे माप 'रेम'मध्ये द्या म्हणजे वापरणाऱ्याने ब्राउझरमध्ये ठरवलेला आकार मानला जाईल. मराठी मजकुराला अक्षरांमधले अंतर वाढवणारी सीएसएस लावू नका. शिरोरेषा तुटते.

७. फॉर्म

इथे सावकाश जा. माणूस साइटवर येतो ते बहुतेक वेळा फॉर्मपर्यंत पोहोचण्यासाठी, आणि सोडून जातो तोही इथूनच.

काही काळापूर्वी एका नोंदणीच्या फॉर्मची तक्रार माझ्याकडे आली. चालकांच्या मते फॉर्म ठणठणीत होता. तक्रार करणारे गृहस्थ अंध होते. पाठवा म्हटल्यावर काहीच होत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. मी त्यांच्याशी फोनवर बोलत, त्यांच्या फोनचा आवाज ऐकत तपासले. रकान्यांना नाव नव्हते, फक्त आत फिकट अक्षरात सूचना होती, आणि लिहायला सुरुवात केली की ती गायब. एक सक्तीचा रकाना रिकामा राहिला होता. तसे सांगणारी ओळ पानाच्या अगदी वर, लाल रंगात येत होती आणि पाठवा बटण पार खाली. नंतर मी डोळस माणसाच्या हातात फोन देऊन तोच रकाना रिकामा ठेवायला सांगितला. त्यालाही ती ओळ दिसली नाही, कारण ती दोन पडदे वर होती. त्यानेही पाठवा तीनदा दाबले. ते गृहस्थ आठवडाभर रोज प्रयत्न करत होते, हे मला शेवटी कळले.

तर क्रमाने हे बघा. प्रत्येक रकान्याला कायम दिसणारे लेबल आहे का, आणि ते कोडमध्ये त्या रकान्याला जोडलेले आहे का? तपासायची सोपी रीत: लेबलवर बोट ठेवा. रकान्यात कर्सर गेला किंवा चौकोनात खूण झाली तर ते जोडलेले आहे. जोडल्यामुळे स्क्रीन रीडर नाव वाचतो, आणि बोटासाठी दाबायची जागाही वाढते.

फोन नंबरच्या रकान्याला अंकांचा कीबोर्ड उघडतो का? त्यासाठी प्रकार 'टेल' ठेवा, 'नंबर' नव्हे. 'नंबर' हा मोजायच्या संख्येसाठी आहे आणि तो सुरुवातीची शून्ये गिळू शकतो. नाव, पत्ता, ईमेल यांना ऑटोकम्प्लीट (ब्राउझरने आपोआप भरण्याची सोय) लावा. ज्याला एकेक अक्षर टिपायला कष्ट पडतात त्याचे तीस-चाळीस ठोके वाचतात. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक आले तर फॉर्म ते नाकारतो का तेही बघा. जावास्क्रिप्टमधली अंकांची नेहमीची तपासणी फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक ओळखते. नाकारण्याऐवजी आत बदलून घ्या.

चूक दाखवायची ती त्या रकान्याजवळ, शब्दांत, आणि रकान्याला जोडून. पाठवल्यावर फोकस पहिल्या चुकलेल्या रकान्यात न्या. भरलेली बाकीची माहिती पुसू नका. पासवर्डच्या रकान्यात पेस्ट करू द्या. ते अडवणे म्हणजे पासवर्ड सांभाळणारे ॲप वापरणाऱ्यांना अडवणे. वेळेची मर्यादा असेल तर संपण्याआधी कळवा आणि वाढवून द्या. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारे कॅप्चा शक्यतो काढाच.

८. अचानक उघडणाऱ्या आणि हलणाऱ्या गोष्टी

चौकट उघडली की फोकस तिच्यात जायला हवा, एस्केपने ती बंद व्हायला हवी, आणि बंद झाल्यावर फोकस जिथून आला तिथे परतायला हवा. हे हाताने लिहिण्यापेक्षा एचटीएमएलचा स्वतःचा डायलॉग घटक वापरा. तो मोडल पद्धतीने उघडला की मागचे पान आपोआप निष्क्रिय होते. २०२२ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत तो आहे. पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ आपोआप फिरणाऱ्या चित्रमालिकेला थांबवायचे बटण द्या, आणि ज्याने फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू केली आहे त्याच्यासाठी ॲनिमेशन बंद ठेवा. काहींना त्या हालचालीने खरोखर चक्कर येते. व्हिडिओतले बोलणे अक्षरांत दाखवणारी कॅप्शन हवीत. आणि पान फक्त उभ्या फोनवरच चालेल अशी सक्ती नको. चाकाच्या खुर्चीला फोन आडवा पक्का बसवलेला माणूस तो फिरवणार कसा?

९. फोनमधला स्क्रीन रीडर चालू करा

आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर २००९ च्या थ्री-जीएस मॉडेलपासून आहे आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक मिळतो. विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत मिळतो. पैसे लागत नाहीत, पण सराव लागतो, म्हणून ही तपासणी इतक्या खाली.

चालू करण्याआधी बंद कसा करायचा ते शिकून घ्या. चालू झाल्यावर बोटांच्या खुणा बदलतात: एकदा टेकवले की वाचतो, दोनदा टेकवले की उघडतो, उजवीकडे सरकवले की पुढच्या घटकावर जातो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर आवाजाची दोन्ही बटणे एकत्र काही सेकंद दाबून टॉकबॅक चालू-बंद करता येतो. सेटिंगमध्ये तो शॉर्टकट आधी लावून ठेवा.

आता डोळे मिटून फक्त उजवीकडे सरकवत जा. प्रत्येक थांब्यावर विचारा, हे काय आहे आणि दाबल्यावर काय होईल ते मला कळले का? "बटण" एवढेच ऐकू आले तर चिन्हाला नाव नाही. चित्राऐवजी फाइलचे नाव ऐकू आले तर ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्राचे शब्दांतले वर्णन, नाही. शोभेच्या चित्राला ऑल्ट रिकामा ठेवायचा, पण ठेवायचा. गुणधर्मच नसेल तर स्क्रीन रीडर फाइलच्या नावाकडे वळतो. 'अधिक वाचा' सहा वेळा ऐकू आले तर प्रत्येक लिंकला तिचे स्वतःचे शब्द द्या.

१०. रचना, आणि एरियाचा मोह

मथळे खरे मथळे आहेत की नुसती मोठी ठळक अक्षरे? एनव्हीडीएमध्ये एच दाबत गेले की मथळ्यांवरून उड्या मारता येतात. डोळस माणूस पान वरवर चाळतो तसे अंध माणूस याच उड्यांनी चाळतो. उड्या पडत नसतील तर त्याला अख्खे पान पहिल्यापासून ऐकावे लागते.

एरिया म्हणजे स्क्रीन रीडरला घटकाची जास्तीची ओळख सांगणारे गुणधर्म. त्याच्या वापराचा पहिला नियमच असा आहे की एचटीएमएलचा तयार घटक काम भागवत असेल तर तोच वापरा. डिव्हला 'रोल बटन' लिहिले की स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणतो, पण एंटर आणि स्पेस त्याला ऐकू येत नाहीत. नाव बटणाचे, वागणूक दगडाची. मी दुरुस्तीला बसते तेव्हा एरिया घालण्यापेक्षा काढण्यात जास्त वेळ जातो.

इथेच आणखी एक सांगते. एक ओळीची स्क्रिप्ट लावा आणि साइट सर्वांसाठी सुलभ होईल, असे सांगून विकल्या जाणाऱ्या तरंगत्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका. त्या मूळ कोड दुरुस्त करत नाहीत, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरशी भांडतात आणि फोनवर कोपऱ्यातले बटण अडवून बसतात. अपंगांसाठी वेगळी आणि फोनसाठी वेगळी साइट काढण्याचाही आग्रह धरू नका. वेगळी साइट पहिल्या अद्ययावतीकरणानंतर मागे पडते. लाइटहाउस, ॲक्स, वेव्ह ही तपासणारी साधने मात्र जरूर चालवा. फक्त त्यांच्या गुणांवर विसंबू नका. चित्राला ऑल्ट आहे हे यंत्राला कळते, तो बरोबर आहे का हे कळत नाही.

दुरुस्त केलेले परत का बिघडते

थीमचे अद्ययावतीकरण तुमचे बदल पुसते, म्हणून बदल मूळ थीममध्ये न करता उपथीममध्ये ठेवा. जाहिरात विभाग नवी चौकट लावतो आणि तिची फुली १६ पिक्सेलची असते. मजकूर टाकणारी व्यक्ती बदलते आणि सूचना पुन्हा चित्राच्या रूपात चढू लागतात. म्हणून मी प्रत्येक बदलानंतर पहिल्या तीन तपासण्या आणि फॉर्म एवढे तरी पुन्हा करते. वीस मिनिटे लागतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

एकाच घटकावर दोनदा एरिया बदलूनही स्क्रीन रीडर चुकीचेच सांगत असेल तर तिसऱ्यांदा हात लावू नका. एका स्क्रीन रीडरमध्ये सुधारते आणि दुसऱ्यात मोडते. पैसे भरण्याची चौकट, नकाशा, तारीख निवडण्याचे कॅलेंडर असा बाहेरून आणलेला भाग बिघडला असेल तर तो तुमच्या कोडने सुधारणार नाही. पुरवणाऱ्याला लेखी कळवा, नाही सुधारला तर बदला. शेकडो पीडीएफ असतील, साइटवर परीक्षा, उपचार किंवा पैशांचे व्यवहार होत असतील, किंवा कायदेशीर नोटीस आली असेल, तर घरच्या घरी दुरुस्ती पुरेशी नाही. सुलभतेची तपासणी करणारा व्यावसायिक हवा, आणि त्याच्या चमूत रोज स्क्रीन रीडर, स्विच किंवा भिंग वापरणारी माणसे हवीत. मी डोळे मिटून पंधरा मिनिटे ऐकते. ते आयुष्यभर ऐकत आलेले असतात, आणि मला न दिसलेला दोष त्यांना पहिल्या मिनिटात सापडतो. त्यांच्या या कामाचे पैसे द्या.

बोलावताना सोबत काय द्यायचे तेही सांगते: बिघडलेल्या पानाचा पत्ता, फोनचे मॉडेल, ब्राउझर आणि स्क्रीन रीडर यांच्या आवृत्त्या, वरच्या कोणत्या तपासण्या झाल्या आणि त्यांत काय निघाले, आणि तक्रार करणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे. "फॉर्म जात नाही" हे वाक्य "वापरकर्त्याला अडचण" असे बदलून लिहू नका. त्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी लिहून पाठवले होते की पाठवा म्हटल्यावर फोन काहीच बोलत नाही. दोष कुठे आहे ते त्यात सगळे होते.